चार मिलिमीटरची नळी

हातातून निसटलेली पेन-पेन्सिल बहुधा नाकावरच आपटते. वजन सगळं पुढच्या धातूच्या टोकात, त्यामुळं दुसरं काही होण्याची शक्यता कमीच. राजीव चौक स्थानकाच्या फरशीवर, गुडगावातल्या ऑफिसच्या टाइल्सवर किंवा मयूर विहारातल्या एखाद्या जुन्या फ्लॅटच्या मोझॅइकवर ती पडते. मालक वाकून उचलतो, क्लिप शाबूत आहे ना ते पाहतो, अंगावर चरा आला का ते बघतो, आणि खिशात टाकतो. लिहायला बसल्यावर लक्षात येतं की खटका दाबला तरी शिसं बाहेर येत नाही. पुढची सुईसारखी नळी केसभर वाकलेली असते. दोन हजारांच्या वर मोजून घेतलेली, पितळेच्या अंगाची, जर्मन नावाची पेन्सिल तेवढ्या वाकण्यानं गप्प होते. शाळेसमोरच्या दुकानातली वीस-तीस रुपयांची प्लास्टिकची पेन्सिल मात्र तसंच आपटून पुन्हा लिहायला लागते.

महागडी पेन्सिल वाईट असते असा याचा अर्थ नाही. ती वेगळ्या कामासाठी घडवलेली असते, एवढंच. आणि ते काम तिच्या गिऱ्हाइकांपैकी फारच थोडे जण करतात.

टोकाची ती लांब नळी, साधारण ४ मिलिमीटरची, मुळात ड्रॉइंग बोर्डासाठी आहे. सेट-स्क्वेअरच्या कडेला पेन्सिल टेकवून रेघ ओढायची, तर शिसं कडेवर घासून चालत नाही. पट्टीच्या जाडीपेक्षा नळी लांब हवी, म्हणजे धातू पट्टीला घासतो आणि शिसं कागदाला. शिवाय रेघ नेमकी कुठं पडतेय तेही दिसतं. पकडीवरच्या जाळीदार खाचा, कारखान्यात ज्याला नर्लिंग म्हणतात, त्याही घामेजल्या हातानं तासन् तास रेघा मारणाऱ्यासाठीच. कागदावर सह्याद्रीच्या उतारासारखं तिरकं धावणारं मराठी अक्षर त्या डिझाइनमध्ये कुणाच्या डोक्यात नव्हतं.

अशा रेघा मारणाऱ्यांच्या दिल्लीत एक मोठं मराठी नाव आहे. अच्युत कानविंदे. सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखालून तयार होऊन आलेले वास्तुविशारद. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत ‘कानविंदे अँड राय’ ही संस्था काढली. कानपूरच्या आयआयटीचा परिसर, प्रगती मैदानाला लागून असलेलं राष्ट्रीय विज्ञान केंद्र, ईस्ट ऑफ कैलासमधलं इस्कॉनचं मंदिर हे सगळं त्यांच्या कामातलं. त्या पिढीच्या ड्रॉइंग हॉलमध्ये टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि २ मिलिमीटर जाड शिशाची क्लच पेन्सिल हीच हत्यारं असायची. रेघ जाड झाली की शिसं काढून टोकदार करायचं, बोटं काळी करायची, पुन्हा बसायचं. दिल्ली पॉलिटेक्निकच्या वास्तुकला विभागातून वाढलेल्या आणि १९५९ मध्ये ‘स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर’ झालेल्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्याही अशाच काळ्या बोटांनी वाढल्या.

मग नव्वदच्या दशकात संगणक आला आणि ड्रॉइंग बोर्ड हळूहळू भिंतीला टेकून उभे राहिले. ड्राफ्टिंगच्या पेन्सिली मात्र बाजारातून गेल्या नाहीत. त्यांनी गिऱ्हाईक बदललं. ज्यांना आयुष्यात कधी सेट-स्क्वेअर धरायचा नाही, त्यांना त्या ‘प्रोफेशनल’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या, आणि लोक त्या वजनावर भाळून घेऊ लागले. पितळेची रॉटरिंग ६०० हातात घेतली की तेवीसेक ग्रॅमचा ऐवज जाणवतो. कोणालाही वाटतं, ही नातवंडांपर्यंत टिकेल. अंग टिकेलही. प्रश्न नाकाचा आहे.

दिल्लीत पेन्सिल घ्यायला जायचं तर एक रस्ता ठरलेला. पिवळ्या लाइननं चावडी बाजार, तिथल्या खोल स्थानकातून वर, लग्नपत्रिकांच्या दुकानांमधून वाट काढत नई सडक. १८५७ नंतर इंग्रजांनी जुन्या वस्तीतून काढलेला हा रस्ता आता पुस्तकं आणि वह्यांच्या ठोक बाजारासाठी ओळखला जातो. तिथं पेन-पेन्सिल मागितली की दुकानदाराचा पहिला प्रश्न येतो, ‘‘बच्चे के लिए?’’ नाही म्हटलं की तो वर पाहतो. मोठ्या माणसानं स्वतःसाठी पेन्सिल मागावी हे या शहराच्या स्वभावात बसत नाही. दिल्ली शाईचं शहर आहे. इथं फायलीवर हिरव्या किंवा लाल शाईनं लिहायलासुद्धा सहसचिवाच्या पायरीपर्यंत पोचावं लागतं. पेन्सिल म्हणजे कच्चं, खोडता येणारं, बिनजबाबदार, असा समज सरकारी टेबलांवरून झिरपत घरापर्यंत आलेला.

तरी तिचा खरा वापर याच शहरात पाहावा. ओल्ड राजिंदरनगरमधल्या लायब्रऱ्यांमध्ये लातूर, बीड, सांगलीकडची मुलं लक्ष्मीकांत यांच्या राज्यव्यवस्थेवरच्या जाडजूड पुस्तकाच्या समासात बारीक अक्षरांत लिहीत असतात, ते पेन्सिलीनंच. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका काळ्या बॉलपेननं भरायची आणि मुख्य परीक्षाही पेननंच लिहायची. पण वर्षभराचा अभ्यास समासात होतो, आणि समासातली टीप तिसऱ्या वाचनाला बदलते. जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारासारख्या ठिकाणी जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांनाही पेन्सिलच जवळ ठेवावी लागते, कारण दप्तरावर शाईचा एक थेंब पडला तर तो कुणाच्या बापाला काढता येत नाही. आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. तो उन्हात फिका पडत नाही, पाण्यानं फुटत नाही. जुलैतल्या पावसात मेट्रोपासून घरापर्यंत भिजलेल्या वहीत जेल पेनचं लिखाण निळ्या डागांत जातं, पेन्सिलीचं तसंच राहतं. बिनजबाबदार म्हणायचं तर कुणाला?

आता आतल्या यंत्राकडे. पेन-पेन्सिलीचा जीव असतो तिच्या चकमध्ये, म्हणजे शिसं पकडणाऱ्या तीन पाकळ्यांच्या जबड्यात. या जबड्यावर एक छोटं कडं चढवलेलं असतं. खटका दाबला की जबडा शिसं धरूनच पुढं सरकतो. थोडं गेल्यावर कडं अडतं, जबडा पुढंच जातो आणि पाकळ्या उघडतात. खटका सोडला की स्प्रिंग जबड्याला मागं ओढते. त्या क्षणी शिसं मागं येऊ नये म्हणून नाकात रबराची बारीकशी पकड असते, ती त्याला धरून ठेवते. मागं आलेल्या पाकळ्या पुन्हा कड्यात शिरून आवळतात. एका ‘टिक’मध्ये एवढं सगळं होतं, दिवसातून शेकडो वेळा. पाकळ्या प्लास्टिकच्या असतील तर काही महिन्यांत त्यांचे दात झिजतात आणि लिहिताना शिसं आत पळू लागतं. पितळेच्या असतील तर वर्षानुवर्षं काही होत नाही. तेव्हा धातू हवाच, पण तो इथं. बाहेरचं अंग प्लास्टिकचं असलं तरी बिघडत नाही.

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे पेंटेलची पी२०५. सत्तरच्या दशकापासून जवळजवळ त्याच रूपात बनणारी, प्लास्टिकच्या अंगाची, दहा ग्रॅमच्या आतबाहेरची पेन्सिल. दिसायला अगदीच कारकुनी. आत पितळेचा चक, खोडरबराखाली नळी साफ करायची तार. दिवसभर लिहिलं तरी मनगट कुरकुरत नाही. दिल्लीच्या जानेवारीत, बिनहीटरच्या खोलीत सकाळी सहाला अभ्यासाला बसणाऱ्यानं धातूची पेन्सिल एकदा उचलून पाहावी, मग प्लास्टिकची किंमत कळते. पी२०५चा दोष एकच. तिचीही नळी लांब आणि न मिटणारी. म्हणजे टेबलावर राणी, खिशात मात्र धोका. शर्टाच्या खिशातून ती आरपार कापड भोसकते, ते वेगळंच.

चालत्याफिरत्या माणसासाठी उपाय आहेत. पेंटेलचीच ग्राफगिअर १००० क्लिप दाबली की आपलं नाक आत ओढून घेते. रॉटरिंगची ८०० कडं फिरवलं की मिटते. काही साध्या पेन्सिलींत नळी घट्ट बसवलेली नसतेच, शिसं झिजेल तशी ती मागं सरकते, आणि पडली तर दबून आत जाते. त्या वीस-तीस रुपयांच्या पेन्सिलीचं तगणं बऱ्याचदा याच कारणानं. झेब्राची डेलगार्ड, २०१४ मध्ये आलेली, आणखी पुढं गेली. जोर वाढला की आतल्या स्प्रिंगा तो झेलतात, तिरका दाब आला तर नळीच पुढं येऊन शिशाला कवेत घेते. बॉलपेनवर वाढलेल्या जड हातांसाठी ही उत्तम सोय. आपल्याकडं असे हात बहुसंख्य आहेत, वहीचं मागचं पान उलटून पाहिलं की उठाव दिसतोच.

हे सगळं जपानकडं कसं गेलं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुढं सरकणाऱ्या शिशाच्या पेन्सिलीचं पेटंट इंग्लंडमध्ये १८२२ साली हॉकिन्स आणि मॉर्डन यांनी घेतलं, पण चांदीची ती नाजूक वस्तू श्रीमंतांच्या साखळीला लटकायची. १९१५च्या सुमारास टोकियोतल्या तोकुजी हायाकावा या धातुकाम करणाऱ्या तरुण कारागिरानं मजबूत यंत्राची पेन्सिल बनवली आणि ‘एव्हर-रेडी शार्प’ या नावानं खपवली. धंद्याचा जम बसला, कारखाना वाढला. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानं आणि आगीनं सगळं संपवलं. बायको गेली, मुलं गेली, कारखाना गेला. देणी भागवायला पेन्सिलीचे हक्क विकून हायाकावा ओसाकाला गेले, आणि १९२५ मध्ये त्यांनी जपानी बनावटीचा पहिला क्रिस्टल रेडिओ तयार केला. पेन्सिल सुटली, तिचं नाव तेवढं सोबत राहिलं. शार्प कंपनीच्या प्रत्येक कॅल्क्युलेटरवर आणि टीव्हीवर ते छापलेलं आहे. नेहरू प्लेसमध्ये ती यंत्रं घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते पेन्सिलीचं नाव असल्याचं ठाऊक असेल.

ओसाकाचा धागा आपल्याही घरात आला. दिगंबर आणि गोविंद दांडेकर या भावांनी १९३१ मध्ये मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्या विकायला सुरुवात केली, त्याची पुढं कॅम्लिन झाली. मराठी घरांत कंपासपेटी, रंग आणि शाई म्हटलं की कॅमलच. २०११ मध्ये ओसाकाच्या कोकुयो कंपनीनं तिच्यातला बहुसंख्य हिस्सा घेतला. दिल्लीची स्वतःची लक्सर, १९६३ मध्ये सदर बाजारातून उभी राहिलेली, तिनंही पुढं जपानच्याच पायलटचा हात धरला. लिहिण्याच्या वस्तूंत जपानशी सोयरीक करायची, हे आपल्या धंदेवाल्यांना लवकर उमगलेलं दिसतं.

पण जपानी पेन्सिलींपैकी देवनागरीत लिहिणाऱ्यानं आवर्जून पाहावी अशी एक आहे, आणि तिचं कारण कुठल्या जाहिरातीत सापडत नाही. युनीची कुरु टोगा, २००८ मध्ये आलेली. पेन्सिलीनं लिहिताना शिसं एका बाजूनं झिजतं आणि टोक तासल्यासारखं तिरकं होतं, मग अक्षर जाड-बारीक येतं. कुरु टोगाच्या आत दातेरी चकत्या आहेत. टोक कागदाला टेकलं आणि उचललं की शिसं किंचित फिरतं. मूळ यंत्रात असं चाळीस वेळा झालं की एक पूर्ण वळसा होतो. म्हणजे पेन्सिल उचलली तरच ती फिरणार. जपानी लिपीत एकेका अक्षराला पाच-दहा फटकारे, तिथं ती छान चालते. इंग्रजी कर्सिव्हमध्ये हात उचललाच जात नाही, तिथं यंत्र जवळपास झोपून राहतं.

मराठीचं काय? ‘दिल्ली’ एवढा शब्द घ्या. द, त्याची वेलांटी, अर्धा ल, पूर्ण ल, दुसरी वेलांटी आणि वरची शिरोरेषा. हात पाच-सहा वेळा तरी उचलतो. सातेक वेळा ‘दिल्ली’ लिहिली की शिशाचा एक वळसा पूर्ण. देवनागरी या यंत्राला जणू मापून दिलेली आहे. टोक सतत गोल राहतं, अनुस्वार टिंबासारखा येतो, रेघेसारखा नाही. टोकाला किंचित मऊ झोल जाणवतो, काहींना तो आवडत नाही, त्यांचं म्हणणं चूक नाही. गंमत अशी की हीच पेन्सिल मोडी लिहिणाऱ्याच्या फारशी कामाची नाही. मोडीत ओळीची रेघ आधीच ओढून ठेवायची आणि मग हात न उचलता अक्षरं पळवत न्यायची. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीत राहिलेल्या हिंगण्यांची पत्रं मोडीतलीच, बोरूनं लिहिलेली. त्यांना कुरु टोगा दिली असती तर त्यांनी एका ओळीत ती परत केली असती, आणि पुन्हा बोरू तासायला घेतला असता.

पेन्सिलीवर हजार रुपये खर्चून शिसं मात्र हाताला येईल ते घ्यायचं, ही आपल्याकडची सर्रास सवय. खरं तर कागदाला लागतं ते शिसंच. जुन्या लाकडी पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती असते. तेवढ्या मिश्रणाची अर्ध्या मिलिमीटरची कांडी टिकत नाही. १९६०च्या सुमारास पेंटेलनं मातीच्या जागी रेझिन वापरून ते भाजून काढलं आणि बारीक, तरी लवचीक शिसं शक्य झालं. आजच्या सगळ्या पेन-पेन्सिली त्या शोधावर उभ्या आहेत. चांगलं शिसं काळं उमटतं, खरखरत नाही, खोडलं तर जातं. स्वस्त कांडीत खडा लागतो, कागद ओरखडतो, आणि दोष पेन्सिलीला जातो.

जाडी किती घ्यावी यावर भांडणं होतात. ०.५ लिहिलेल्या कांडीची खरी जाडी ०.५६ मिलिमीटरच्या आसपास असते, ०.७ची मात्र ०.७च. म्हणजे दोघींतला फरक आकड्यांवरून वाटतो त्याहून कमी आहे, पण ताकदीत तो चांगलाच जाणवतो. समासात मुंगीएवढं लिहायचं असेल तर ०.५. रोजची वही, हिशोब, याद्या, पत्राचा कच्चा खर्डा यासाठी ०.७ आणि एचबीऐवजी बी. आपल्याकडच्या गुळगुळीत पांढऱ्या कागदावर एचबी फिकट पडतं, मग माणूस जोर लावतो, मग शिसं तुटतं, आणि मग पेन्सिल बदनाम होते. नळीत एका वेळी दोन-तीनच कांड्या ठेवाव्यात. डबीभर कोंबल्या की त्या आत आडव्या अडकतात. ०.७ची कांडी ०.५च्या पेन्सिलीत घुसवण्याचा प्रयोग घरातलं एक तरी पोर करतंच, त्यासाठी ती सफाईची तार जपून ठेवावी.

तर निवाडा असा. टेबल सोडत नसाल तर पी२०५सारखी हलकी, पितळी चकची पेन्सिल घ्या, तिच्यापुढं महागड्यांचं फारसं काही चालत नाही. मेट्रोनं नोएडा-गुडगाव करत असाल तर नाक मिटणारी किंवा नळी आत सरकणारी घ्या, मग ती कोणत्याही कंपनीची असो. देवनागरीत भरपूर लिहीत असाल तर कुरु टोगा एकदा हातात धराच. पितळेची जड रॉटरिंग हौसेनं घ्यायला हरकत नाही, वस्तू देखणी आहे. तिला टोपण किंवा डबी तेवढी करून द्या.

नई सडक रविवारी बंद असते. इतर कुठल्याही दिवशी दुपारच्या गर्दीआधी जा, रोजची वही बरोबर न्या, आणि काउंटरवरच देवनागरीत चार ओळी लिहून पाहा. दुकानदार ‘‘बच्चे के लिए?’’ विचारेल, तर नाही म्हणा आणि बीची दोन पाकिटं जास्तीची मागा.